फोंड्याच्या अंगणात स्नो चेन

डिसेंबर महिना, दुपारचे अडीच, ऊन असं की अंगणातली तुळससुद्धा मान टाकून उभी, आणि मी माझ्या जिम्नी गाडीच्या पुढच्या चाकापाशी गोणपाटावर गुडघे टेकून चाकामागून लोखंडी साखळीची रिंग ओढून घ्यायच्या खटपटीत. अंगाला घामाच्या धारा, हातात मात्र थंडीचे जाड मोजे, कारण प्रॅक्टिस करायची तर तिथं जसं असणार तशीच करायची असं मी ठरवलेलं. शेजारचे काका गेटपाशी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गाडी बांदून दवरता काय कितें गो बाय? कोण व्हरतलो ती?" म्हणजे गाडी बांधून ठेवतेस की काय, कोण नेणार आहे ती.

काकांना काय सांगणार. फोंड्यात स्नो चेन, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून चाकांना गुंडाळायची साखळी, हा शब्द उच्चारला तरी लोक चेहऱ्याकडे बघतात. इथल्या आणि मडगावच्या मिळून चार स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारलं, तर एकाने बाइकची चेन स्प्रॉकेट किट काउंटरवर ठेवली आणि दुसऱ्याने ट्रकला बांधायची साखळी दाखवली, किती मीटर कापू म्हणाला. तिसरा प्रामाणिक होता, हसला आणि म्हणाला ऑनलाइन बघा.

तर झालं असं की जानेवारीत आम्ही गाडीने हिमाचलातलं मनाली आणि पुढे डोंगरापलीकडचं लाहौल खोरं करायचं ठरवलं, म्हणजे इथून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, नवऱ्याला रजा मिळाली होती आणि मला तेवढं निमित्त पुरे होतं. गाडी फोर बाय फोर आहे, इंजिनची ताकद चारी चाकांना जाते, म्हणजे बर्फाचं टेन्शन नाही असं मी सगळ्यांना छाती ठोकून सांगत होते. आपल्याकडे फोर बाय फोर म्हणजे चिखल. पावसाळ्यात सत्तरीतल्या लाल मातीच्या वाटा, डिचोलीकडचे जुने खाणीचे रस्ते, इथं गाडी फोर एचला, म्हणजे चारी चाकांच्या गिअरला, टाकली की ती निघते, म्हणजे निघतेच. माशेलला चिखलकाल्याला आख्खं गाव चिखलात लोळतं तसं आम्ही गाडी लोळवतो. म्हणून डोक्यात बसलेलं की चिखल जमला तर बर्फ काय, तो निदान पांढरा तरी असतो.

हे डोक्यातून काढलं माझ्या मावसभावाने, तो चंदीगडला असतो. फोनवर त्याने एकच प्रश्न विचारला, "ताई, फोर बाय टू गाडीला, म्हणजे दोनच चाकांना ताकद जाते तिला, ब्रेक किती चाकांना असतात?" चार. "आणि तुझ्या गाडीला?" चार. बस्स. इंजिनची ताकद दोन चाकांना जाते की चार, याचा फरक गाडी निघताना आणि चढताना पडतो, थांबताना नाही पडत. थांबायला फक्त टायर आणि रस्ता यांच्यातली पकड, आणि ती सगळ्या गाड्यांना सारखीच मिळते. मी नंतर कागदावर हिशोब करून बघितला, ताशी ४० च्या स्पीडला कोरड्या डांबरावर ब्रेक मारला तर गाडी ८-९ मीटरमध्ये थांबते, दाबून बसलेल्या बर्फावर ३० मीटर लागतात आणि निव्वळ आइसवर ६० च्या वर, आणि यात तुम्ही दचकून पाय ब्रेकवर नेईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही. साठ मीटर म्हणजे आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या गाड्यापर्यंत. तिथे उभं राहून मी खरंच मागे वळून घराकडे बघितलं आणि मग मुकाट्याने चेन शोधायला बसले.

चेन करते काय तर अगदी साधी गोष्ट. पावसाळ्यात आमच्या मागच्या अंगणात चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि मग सासूबाई विहिरीपर्यंत माडाची चुडतं, म्हणजे झावळ्या, टाकतात. पाय चिऱ्यावर घसरतो पण चुडताच्या हिरांमध्ये रुततो. चेनचंही तेच, लोखंडाच्या कड्या गाडीच्या वजनाने बर्फात रुततात, रबर नुसतं वरून सरकतं. म्हणून तर रबर कितीही चांगलं असलं तरी आइसवर लोखंडाला तोड नाही.

आता खरेदी. पहिली खरेदी फुकट गेली ते आधी सांगते. ऑनलाइन एक सेट दिसला, वर लिहिलेलं 'सर्व एसयूव्हीला बसते', किंमत चार आकडी, फोटोत कुठलीतरी भलीमोठी गाडी बर्फात. मागवला. आला तो प्लास्टिकच्या पट्ट्यांचा, केबल टायसारखा, रिमच्या स्पोकमधून ओवून घट्ट करायचा. अंगणात लावला, गाडी दहा फूट पुढे घेतली आणि आतून कट कट कट आवाज. वाकून बघते तर पट्टीचं आतलं टोक ब्रेकच्या कॅलिपरला लागत होतं. वर पट्ट्या सुट्या सुट्या असल्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये टायर उघडाच राहतो ते वेगळं. आणि प्लास्टिक गारठलं की कडक होतं, मग तुटतं. परत करायला गेले तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. आता त्या पट्ट्यांनी माडावर काळ्या मिरीचा वेल बांधलाय. तिथे मस्त घट्ट बसल्यात.

मग गाडी घेऊन आमच्या मेस्तकडे, म्हणजे मेकॅनिककडे, गेले. मेस्तने आयुष्यात बर्फ बघितलेला नाही, फ्रिजमधला सोडून, पण गाडीच्या खाली काय कुठे आहे ते त्याला झोपेतही सांगता येतं. त्याने गाडी लिफ्टवर न चढवता जमिनीवरच ठेवली, म्हणाला वजन चाकावर असतानाच मापायला पाहिजे, वर उचलली की सस्पेन्शन सुटतं आणि माप खोटं येतं. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी बोट घालून बघितलं की टायरची आतली बाजू आणि ब्रेकचा होज पाइप यांच्यात किती जागा, वर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकशी किती. एका जागी त्याचं बोट अडकलं. "हांगा पळय गो बाय, दाट साखळी घातली जाल्यार हांगा लागतली." हा बोट घालायचा सोहळा चुकवू नका. चेनच्या कडीची जाडी बॉक्सवर लिहिलेली असते, ७, ९, १२, १६ मिलिमीटर अशी, साध्या कारला ९ वाली चालते, जड एसयूव्ही आणि व्हॅनसाठी १२ किंवा १६. मोठी गाडी म्हणून सगळ्यात जाड चेन घ्यायचा मोह होतो, पण जागा नसेल तर ती जाड चेन चाकाबरोबर फिरत ब्रेकचा पाइपच कापेल, आणि मग घाटात बर्फही आहे आणि ब्रेकही नाही अशी मज्जा. जिम्नी तशी हलकी गाडी, साधारण बाराशे किलो, त्यामुळे मला १६ ची हौस करायची गरजच नव्हती. १२ घेतली.

साइज म्हणजे टायरवर लिहिलेले तिन्ही आकडे. माझ्या टायरवर १९५/८० आर१५ आहे. चेनच्या बॉक्सवर साइजची यादी असते, त्यात तुमचे तिन्ही आकडे जसेच्या तसे दिसले पाहिजेत. 'साधारण तेवढंच' नाही चालत. १५ इंची रिमला बसते म्हणजे काहीच कळत नाही, १५ च्या रिमवर बुटका टायरही येतो आणि उंचही. आणि गोव्यात अर्ध्याहून जास्त लोक गाडी घेतल्या घेतल्या टायर अपसाइज करतात, रुंद, गुटगुटीत, बीचवरून आल्यासारखे, मला पण आवडतात ते, पण मग चेन त्या नव्या टायरच्या मापाने बघायची आणि जागा पुन्हा बोट घालून मोजायची, रुंद टायरने आतली जागा आधीच खाल्लेली असते. सैल चेन ही चेन नसण्यापेक्षा वाईट, ती सुटून मडगार्ड फोडते.

मग नक्षी. शिडीसारखी चेन असते, म्हणजे टायरवर आडव्या साखळ्या, दोन साखळ्यांमध्ये अंतर. स्वस्त आणि दणकट, ट्रकवाले तीच वापरतात. पण ती पुढे-मागे पकड देते, आडवं घसरणं नीट थांबवत नाही, आणि प्रत्येक आडव्या साखळीवर गाडी धडधडते. दुसरी डायमंड, शंकरपाळ्यासारखी चौकटींची जाळी, हिचा कुठला ना कुठला भाग सतत जमिनीला टेकलेला असतो आणि तिरक्या कड्यांमुळे आडवी पकडही मिळते. घाटात वळणंच वळणं, म्हणून शंकरपाळीच घ्यायची हे माझं तरी पक्कं मत. पैसे जास्त गेले, पाच आकडी, नवऱ्याने दोन दिवस विषय काढला नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवताना काढला.

कारण मी एक नाही, दोन जोड्या घेतल्या होत्या. इथे भरपूर डोकेफोड झाली. चेन जोडीने येते, दोन चाकांपुरती. पुढून ओढणाऱ्या गाडीला पुढे लावायची, मागून ढकलणारीला मागे, इथपर्यंत सोपं. फोर बाय फोरचं काय? फक्त मागे लावली तर गाडी चढेल झकास, पण उतारावर स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं सरळच जातील. फक्त पुढे लावली तर वळेल छान, पण उतारावर ब्रेक मारला की मागचा भाग झाडूसारखा बाजूला फिरायला बघतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चेन कुठे लावायची, लावायची की नाही, हे लिहिलेलं असतं आणि एकच जोडी असेल तर तेच ऐकायचं, कुणा व्हिडिओवाल्याचं नाही. पण चारी चाकांना लावली तर हा वादच मिटतो, आणि घाटात रस्त्याच्या कडेला दरी असेल तर मला वाद मिटलेला आवडतो.

कापडी सॉक्स पण बघितले. खरंच मोजे, टायरवर घालायचे, मूळ आयडिया नॉर्वेवाल्यांची. कापडाच्या धाग्यांमुळे बर्फावर पकड येते, वजन काहीच नाही, घालायला पाच मिनिटं, रिमला ओरखडा नाही. ज्या गाडीत आत बोटभरही जागा नाही तिच्यासाठी उत्तमच. पण कोरड्या रस्त्यावर थोडं चाललं तरी झिजून फाटतात, आणि आपल्या पहाडांत अर्धा किलोमीटर बर्फ, पुढे अर्धा किलोमीटर उघडं डांबर, मग खडी, मग परत बर्फ असं असतं. एक दिवस टिकले तर नशीब. एक जोडी गाडीत पडलेली असावी असं वाटलं होतं, पण दोन जोड्या चेनच्या बिलानंतर तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

टायरचं एक सांगते. बाजूवर एम प्लस एस लिहिलेलं असतं, म्हणजे मड अँड स्नो, आणि लोक म्हणतात बघ की स्नो लिहिलंय. ते टायरच्या नक्षीवरून कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं, त्यासाठी बर्फावरची परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. अशा टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, आपलं साधं रबर ७ डिग्रीच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. मी बदलले नाहीत. गोव्यात परत येऊन ३४ डिग्रीत तो मऊ टायर घासत बसायचा कशाला. पण नक्षी चांगली खोल शिल्लक आहे ना ते बघितलं, कायद्याला १.६ मिलिमीटर चालते, बर्फाला नाही चालत.

हवेची पण गंमत आहे. फोंड्यात ३२ डिग्रीला भरलेली हवा उणे ५ मध्ये आकसते, पाचेक पीएसआय कमी होते. पण मनाली दोन हजार मीटरवर, तिथं बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे गेजवर तीनेक पीएसआय जास्त दिसतं. म्हणजे एक हात घेतो आणि दुसरा थोडं परत देतो. तिथं पोचल्यावर सकाळी गाडी हलवायच्या आधी चेक करायची आणि कंपनीने सांगितली तेवढी ठेवायची. वाळूत आपण हवा सोडतो ती सवय चेन लावताना विसरायची, हवा सोडली की टायर बसका होतो आणि चेन ढिली.

बाकी सामान पटपट सांगते. घडीचं फावडं, सगळ्यात उपयोगी. ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे ती दात असलेली प्लास्टिकची फळी, नवऱ्याच्या मित्राने दिली, चाक एका जागी फिरायला लागलं की पुढे सरकवायची, ताज्या भुसभुशीत बर्फात ती वाळूतल्यासारखीच काम करते पण आइसवर गाडी तिच्यावर चढायच्या आधी फळीच मागे उडते, तर मागे कुणाला उभं करू नका. चार गोणपाट, फळीहून स्वस्त आणि आइसवर फळीहून बरे, गारठून चिकटतात. हातमोजे दोन थर, आत लोकरीचे आणि वर रबरी. डोक्याला लावायची बॅटरी. वायपरच्या टाकीतलं नळाचं पाणी काढून टाका, गोठतं. कूलंटमध्ये मेस्तने कधी साधं पाणी ओतलंय का ते विचारा, आमच्यात ओतलं होतं. रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका, तो धरून बसतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. माझी पेट्रोल आहे, डिझेलवाल्यांनी इथलं डिझेल टाकीत घेऊन थेट लडाखला जाऊ नये, ते घट्ट होतं, म्हणून तर इंडियन ऑइलने २०१९ ला लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहणारं वेगळं डिझेल काढलं.

आणि मीठ. सासूबाईंनी आगरवाड्याच्या मिठाची पाच किलोची पिशवी गाडीत ठेवली, त्यांनी टीव्हीवर बघितलेलं परदेशात रस्त्यावर मीठ टाकतात ते. मला हसू आलं पण त्यांचं चुकीचं नव्हतं, मिठाने बर्फ उणे ९-१० पर्यंत तरी वितळतो. त्यातलं अर्धं आम्ही हॉटेलच्या पायऱ्यांवर टाकलं आणि उरलेलं आमलेटमध्ये.

प्रॅक्टिस तीन दिवस केली. पहिल्या दिवशी एका चाकाला पंचवीस मिनिटं आणि नवऱ्याशी एक भांडण. चेन आधी जमिनीवर पसरून गुंता काढायचा, उलटी-सुलटी बघायची, कड्यांची गुळगुळीत बाजू टायरकडे. मग केबलची रिंग चाकाच्या मागून सरकवायची, वर तिची दोन टोकं जोडायची, जाळी टायरवर ओढून घ्यायची, पुढून हुक, खाली साखळी, शेवटी ताणायची. सगळं कसब त्या मागच्या रिंगमध्ये आहे कारण तिथं दिसत काहीच नाही, हाताला समजावं लागतं. पाडेली माडावर चढायच्या आधी पायातला दोरीचा फास न बघता सारखा करतो, तसं ते बोटांना यायला पाहिजे. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून एक चाक सात मिनिटांत झालं. मग काका पण खुर्ची घेऊन बसले बघायला.

मनालीला पोचलो त्याच्या आदल्या रात्री बर्फ पडला होता. सकाळी पुढे पोलिसांनी गाड्या अडवलेल्या, फोर बाय फोर आणि चेनवाल्या तेवढ्या सोडत होते, बाकी सगळे खाली उतरून लोकल टॅक्सी करत होते. आम्हाला विचारलं, चेन आहे का. मी डिकी उघडून अशी दाखवली जशी काय साखरपुड्याची साडी. सोडलं. आणि मग मी जी चूक करायची ती केली, चेन लावलीच नाही. फोर एचला गाडी इतकी सुरेख चढत होती, ताज्या बर्फावर करकर करत, की थांबून कोण गुडघे टेकणार. अटल टनेल ९.०२ किलोमीटर, आत कोरडा रस्ता, तिथे टू एचला, म्हणजे दोनच चाकांवर, घेतली कारण जिम्नीसारख्या पार्ट टाइम सिस्टिममध्ये फोर एचला पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी अडून अडून चालते. पलीकडे लाहौल, सिस्सू, सगळं पांढरं आणि आकाश असं निळं की डोळे दुखतात. २०२० च्या आधी हिवाळ्यात रोहतांगचा घाट बंद झाला की इकडची माणसं महिनेच्या महिने अडकून पडायची. आम्ही मॅगी खाऊन परत फिरलो.

टनेलमधून अलीकडे बाहेर आलो तेव्हा साडेतीन वाजलेले आणि सूर्य डोंगराआड. सकाळी जो बर्फ करकरत होता तो दिवसभर गाड्यांनी दाबलेला, दुपारच्या उन्हाने वरून वितळलेला आणि आता सावलीत परत गोठायला लागलेला. रस्ता नुसता ओला दिसत होता. मी दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या आसपास, वळण आलं म्हणून ब्रेकला पाय लावला. एबीएसने, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, पायाखाली डर्रर्र केलं आणि गाडी तशीच चालत राहिली. स्टिअरिंग फिरवलं, चाकं फिरलेली मला जाणवली, पण गाडी सरळच. आवाज नाही, धक्का नाही, मांडवीत फेरीबोट धक्क्याला लागताना इंजिन बंद करून जशी आपली आपण सरकत येते तशी आम्ही सरकत होतो. नवरा काही बोलला नाही, त्याने फक्त माझ्या सीटची पाठ धरली. आणि डोंगराच्या बाजूला साचलेल्या बर्फाच्या बांधात डावं नाक हळूच घुसलं, फुस्स. थांबलो. दरी दुसऱ्या बाजूला होती.

पाच मिनिटं हात थरथरत होते. मागून आलेल्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली, आमच्या गाडीवरचा जीए बघितला आणि म्हणाला, "मॅडमजी, चेन चढने के लिए नहीं, उतरने के लिए होती है. लगा लो." आणि गेला, त्याच्या चारी चाकांना चेन. खळखळ खळखळ आवाज वळणापर्यंत येत होता.

नवरा मागच्या वळणावर टॉर्च घेऊन उभा राहिला, गाड्यांना हात करायला. मी चारी चाकांना दगड लावले, गोणपाट टाकलं, बसले. उतारावर आणि उणे तापमानात तो सात मिनिटांचा हिशोब कुठल्या कुठे जातो. बर्फातल्या डाव्या चाकाला आधी फावड्याने मोकळं करावं लागलं. रबरी मोज्यांनी हुक सापडेना म्हणून मोजा काढला आणि लोखंड बोटाला असं लागलं की चटका बसावा. पण ती मागची रिंग, ती मात्र न बघता जोडली गेली, चारही वेळा. पन्नास मिनिटं लागली. मग शंभर-दीडशे मीटर जाऊन परत उतरले आणि परत ताणल्या, कारण पहिल्या काही फेऱ्यांत त्या बसतात आणि ढिल्या होतात, हे वाचलेलं होतं म्हणून बरं. फोर एल, म्हणजे चारी चाकांचा हळू पण ताकदीचा गिअर, त्यात पहिला गिअर, ब्रेकला पायच नाही लावायचा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. त्याच वळणांवर गाडी आता रुळावर असल्यासारखी उतरत होती, खळखळ करत, लग्नाच्या वरातीतल्या बैलगाडीसारखी. चेनवर ४०-५० च्या वर जायचं नसतं म्हणतात, आम्ही १५ वर होतो आणि मला घाई नव्हती.

खाली डांबर उघडं दिसल्यावर लगेच काढल्या. कोरड्या रस्त्यावर चेन रस्ताही खाते आणि स्वतःलाही.

घरी आल्यावर एक काम राहिलं होतं, जे बर्फातल्या लोकांना इतकं नडत नसेल. आपली हवा. चिखल-मीठ लागलेल्या चेन पिशवीत तशाच ठेवल्या असत्या तर शिगम्यापर्यंत त्यांचा गंजाचा गोळा झाला असता. गोड्या पाण्याने धुतल्या, कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या, दोरी अर्थातच तुटली, मग पडवीच्या वाशाला टांगल्या आणि मेस्तकडच्या जुन्या ऑइलमध्ये बुडवलेला फडका फिरवला. अजून तिथेच आहेत, कोयत्याच्या शेजारी.

परवा काकांचा मुलगा आला. त्याने नवीन थार घेतलीय, डिसेंबरात मित्रांबरोबर मनालीला जाणार, चेन देशील का ताई म्हणाला. मी म्हटलं टायरची साइज काय, तो मोबाइलवर बघून म्हणाला २५५/६५ आर१८. मी म्हटलं अरे माझी १९५/८० आर१५ ची आहे, नाही बसणार. तो वाशाखाली उभा राहून चेनकडे बराच वेळ बघत राहिला, एक कडी ओढून बघितली, हाताला ऑइल लागलं ते जीन्सला पुसलं आणि म्हणाला, "थोडी ओढून ताणून पण नाही बसणार?"